मुलगा चोर नाही, मग पैसे गेले कसे?

"मॅडम, आमचा मुलगा चोऱ्या करायला लागलाय." हे वाक्य फोनवर इतक्यांदा ऐकलंय, की पुढचा प्रश्न मी सवयीनेच विचारते: पैसे कपाटातून गेले की फोनमधून? बहुतेक वेळा उत्तर 'फोनमधून' असं येतं. फुकट उतरवलेला एखादा गेम, त्याला आधीपासून जोडून ठेवलेलं आईचं किंवा बाबांचं कार्ड, आणि स्टेटमेंटवर एकाच नावाच्या ओळी एकाखाली एक. मग दुसरा प्रश्न येतोच. याला व्यसन लागलंय का?

असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं होतं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मुलगा तेरा वर्षांचा, कार्ड आईचं. दोन महिन्यांत गेलेली रक्कम तिच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास. बाबांनी स्टेटमेंटची प्रिंट आणली होती, प्रत्येक ओळीखाली लाल रेघ. "एवढे पैसे उडवले आणि हातात काय? खोट्या बाहुल्याचे खोटे कपडे!" आईचं दुःख वेगळं होतं. "मागितले असते तर दिले नसते का? विचारलं का नाही?" मुलगा पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला होता.

अशा वेळी 'का केलंस?' हा प्रश्न मी टाळते. त्यावर मुलं खांदे उडवतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना उत्तर ठाऊकही नसतं. आईवडिलांना बाहेर बसवलं, जप्त झालेला फोन अर्ध्या तासासाठी मागून घेतला आणि म्हटलं, "मला यातलं काही कळत नाही. गेममधलं दुकान कसं असतं ते दाखव."

गेम उघडल्यावर खेळ सुरू व्हायच्या आधीच तीन खिडक्या आल्या. एक रोजच्या हजेरीच्या बक्षिसाची. एक दिवस चुकला तर साखळी तुटते. दुसरी 'खास तुझ्यासाठी' असलेल्या पॅकची, वर उलटे सरकणारे तास-मिनिटं-सेकंद. तिसरी नव्या इव्हेंटची. बंद करायची फुली कोपऱ्यात, फिकट, आणि दोन सेकंद उशिरा उमटणारी. त्याचा अंगठा त्या जागी आधीच जाऊन थांबला होता. दुकानात पैसे कुठे दिसतच नव्हते, सगळा कारभार डायमंडमध्ये, म्हणजे गेमच्या स्वतःच्या चलनात. हवी ती स्किन, म्हणजे गेममधल्या बाहुल्याचा पोशाख, १२० डायमंडची, टॉप-अप मात्र शंभराच्या पटीत. म्हणजे दोन पॅक घ्यायचे आणि ८० उरवायचे. उरलेले ८० वाया जाऊ नयेत म्हणून पुढच्या वेळी आणखी एक. त्याला विचारलं, या स्किनचे खरे पैसे किती होतात? तो बराच वेळ पुटपुटत राहिला. गणितात हुशार मुलगा, पण तिथल्या तिथे ते करता येऊ नये अशीच ती मांडणी होती.

मोठी रक्कम गेली होती क्रेट, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या बंद पेट्या, उघडण्यात. यात वस्तू विकत मिळत नाही, संधी मिळते. चाक फिरतं, मंदावतं आणि दुर्मीळ अशा लेजेंडरी स्किनच्या अगदी शेजारच्या घरात थांबतं. "बघा मॅडम, थोडक्यात हुकलं." मी म्हटलं, निकाल चाक ठरवत नाही. तो आकडा गेमची यंत्रणा काढते. चाक फक्त तुला दाखवण्यासाठी फिरतं. हे त्याला नवीन होतं. थोडक्यात हुकल्याचा हा भास जुगाराच्या यंत्रांमध्ये फार जुना आहे आणि तो खेळणाऱ्याला पुन्हा बटण दाबायला लावतो. बक्षीस कितव्या वेळी मिळेल हे ठरलेलं नसलं, की प्राणी सर्वांत चिवटपणे प्रयत्न करत राहतो, हे मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तेरा वर्षांच्या मुलाला ते कुणी शिकवत नाही.

क्रेटच्या माहितीत बारीक अक्षरात शक्यता लिहिली होती: एक टक्का. त्याचा हिशेब साधा होता, शंभर क्रेट उघडले की एक नक्की. मी कागदाच्या शंभर चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली मारली, डब्यात टाकल्या. काढ, बघ, परत टाक, हलव, पुन्हा काढ. सुरुवातीला हसत होता, मग गप्प झाला, मग चिडला. "तुम्ही फुलीवाली टाकलीच नाही!" डबा उपडा केला तर ती तिथेच होती. तेव्हा गणित कागदावर मांडलं. दर वेळी एक टक्का शक्यता असेल, तर शंभर वेळा उघडूनही दर शंभरातल्या साधारण ३७ मुलांच्या हाती काही लागत नाही. आधीच्या नव्व्याण्णव चिठ्ठ्या शंभराव्या चिठ्ठीला आठवत नसतात. काही गेममध्ये अमुक इतक्या वेळांनंतर वस्तू हमखास देतात, हेही त्यानेच सांगितलं. खरं आहे. पण ती सोयसुद्धा 'आता इतक्या जवळ आलोय तर सोडू कसा' असं वाटायला लावते.

मग मुख्य गोष्ट बाहेर आली. स्क्वॉडमधली, म्हणजे गेममधल्या त्याच्या संघातली, मुलं त्याला 'डिफॉल्ट' म्हणून चिडवत. म्हणजे गेमने फुकट दिलेले कपडे घालणारा. खेळायला तो त्यांच्यापेक्षा बरा होता, तरी पहिल्यांदा त्यालाच बाहेर काढत. ते खोटे कपडे त्याच्या जगात खोटे नव्हते.

आईवडिलांना आत बोलावल्यावर आधी व्यसनाचं बोललो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी २०२२ पासून लागू झाली. पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटावा लागतो, बाकी सगळं मागे पडावं लागतं, नुकसान दिसूनही खेळणं चालूच राहावं लागतं, आणि सहसा हे वर्षभर टिकलेलं असावं लागतं. यांचा मुलगा वेळेवर झोपत होता, मैदानावर जात होता, परीक्षेतही घसरला नव्हता. त्याचं खेळणं आटोक्यात होतं, खर्च नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, उपायही वेगळे. क्रेटवरचा खर्च आणि जुगाराची समस्या यांचा संबंध मात्र संशोधनात दिसलाय. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांहून अधिक खेळाडूंची पाहणी केली, त्यात जुगाराची समस्या जितकी गंभीर तितका क्रेटवरचा खर्च जास्त, असं आढळलं. कशामुळे काय होतं, हे त्यातून ठरत नाही.

बाबा उसळले. "मग हे बंद का करत नाहीत कुणी?" काही ठिकाणी करतात. बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात धरल्या. नेदरलँड्समध्ये मात्र एका मोठ्या कंपनीला केलेला एक कोटी युरोचा दंड तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केला. म्हणजे शेजारच्या दोन देशांत दोन न्याय. अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरात 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सने ग्राहकांना परताव्यापोटी साडेचोवीस कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. एका बटणाच्या चुकीच्या दाबानेही खरेदी होत होती, मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय विकत घेता येत होतं, हा तिथल्या व्यापार आयोगाचा आरोप होता. ज्यांनी कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे अडवले, त्यांची गेममधली खाती एपिकने बंद केली, असाही.

तो शेवटचा आरोप ऐकून मुलगा दचकला, आणि आमच्या कामाला तोच उपयोगी पडला. आधी अॅप स्टोअरकडे परतावा मागायचा, अल्पवयीन मुलाने न विचारता केलेली खरेदी असं स्पष्ट लिहून, आणि लगेच. उशीर झाला की शक्यता कमी होत जाते. बँकेकडे जायचं ते नंतर, आणि त्यात गेममधलं खातं जाऊ शकतं हे मुलाला आधी सांगून. मुलाच्या पाठीमागे खातं उडवलं, तर पुढच्या वेळी तो चूक सांगायला येणार नाही. यांना काही रक्कम परत मिळाली, काही गेली ती गेली.

कार्ड फोनमधून काढलं. दर खरेदीला आईच्या फोनवर परवानगी मागणारी सोय चालू केली. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ती असते, बहुतेकांनी उघडून पाहिलेली नसते. गेलेल्या पैशांतला ठरलेला भाग मुलाने खाऊच्या पैशांतून फेडायचा. 'चोर' हा शब्द घरात वापरायचा नाही, ही अट माझी. बाबांना ती जड गेली. मुलाने न विचारता पैसे घेतले हे खरंच आहे आणि मी ते झाकत नाही. पण ज्या पडद्यामागे माणसं पगार घेऊन त्याचा अंगठा कुठे पडेल याचा अभ्यास करतात, त्या पडद्याविरुद्ध त्याला एकट्याला उभं करून सगळा दोष त्याच्या माथी मारणं मला मान्य नाही. फुकट गेम चालवायला पैसा लागतो, हेही कबूल. सरळ किंमत लावून सरळ वस्तू विकली, तर माझी काही तक्रार नाही.

शेवटच्या भेटीत नव्या सीझनचा बॅटल पास, म्हणजे पातळ्या पार करत बक्षिसं मिळवायचा विकतचा पास, हा विषय होता. पास सुरुवातीला घेतला की तो 'वसूल' करायला रोज खेळावं लागतं. मुलानेच शोधून काढलं होतं की त्याच्या गेममध्ये पास सीझनच्या शेवटच्या आठवड्यात घेतला, तरी तोवर पार केलेल्या पातळ्यांची बक्षिसं मिळतात. म्हणजे आधी खेळायचं, हाती काय लागतंय ते बघायचं, मगच घ्यायचा का ते ठरवायचं. आईने विचारलं, "आणि शेवटी नकोसा वाटला तर?" "तर नाही घेणार," तो म्हणाला. बाबांनी किंमत विचारली. डायमंडमध्ये नाही, पैशांत. या वेळी त्याला सांगता आली.