वाचकांचे प्रश्न : भयपट-विज्ञानपटांच्या महोत्सवात समीक्षक म्हणून जाताना

प्रश्न : मी नियमित चित्रपट परीक्षणे लिहितो. स्पेनमधला सिट्जेस किंवा माँट्रियलचा फँटेशिया अशा एखाद्या महोत्सवाला प्रेस पासवर जायचे आहे. तयारी कधीपासून करावी?

उत्तर : आधी वर्षाचे गणित मांडा. ब्रसेल्सचा महोत्सव एप्रिलमध्ये असतो, दक्षिण कोरियातला बुचॉन जुलैमध्ये. फँटेशिया जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे तीन आठवडे चालतो. अमेरिकेतल्या ऑस्टिनचा फँटास्टिक फेस्ट सप्टेंबरात आणि 1968 पासून चालत आलेला सिट्जेस ऑक्टोबरात भरतो. प्रेस पासचे अर्ज महोत्सवाच्या बरेच आधी सुरू होतात आणि बंदही होतात, त्यामुळे तीन महिने आधीपासून महोत्सवाच्या संकेतस्थळावर नजर ठेवा.

अर्जासोबत संपादकांचे पत्र, गेल्या वर्षभरातल्या चार-पाच परीक्षणांचे थेट दुवे, वाचकसंख्या आणि छायाचित्र लागते. पत्रात तुम्ही किती आणि कोणत्या प्रकारचे लेखन देणार, ते स्पष्ट असावे. बहुतेक अर्ज अडतात ते दुव्यांवर. अंकाच्या मुखपृष्ठाचा दुवा दिला की तुमचा लेख कोण शोधत बसणार? लेख मराठीत असेल तर प्रत्येकाचा तीन-चार ओळींचा इंग्रजी गोषवारा जोडा. निदान दोन लेख भयपट, विज्ञानपट किंवा थरारपटांवरचे असू द्या.

प्रश्न : पास मिळाला की सगळे खेळ पाहता येतात का? दिवसाला किती चित्रपट बघावेत?

उत्तर : पास म्हणजे खुर्ची नव्हे. बऱ्याच महोत्सवांत पासधारकांनाही प्रत्येक खेळाची जागा आधी राखावी लागते. आरक्षण ठरलेल्या वेळी उघडते आणि गाजलेल्या चित्रपटांच्या जागा बघता बघता संपतात. म्हणून रोजची पहिली पसंती आणि तिला पर्याय आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

लिहायचे असेल तर दिवसाला तीन चित्रपट पुरेत. चौथा बघता येतो, पण त्याची किंमत पहिल्या तिघांवरच्या लेखनाला मोजावी लागते. वेळापत्रकातली लांबी फसवी असते. 95 मिनिटांच्या चित्रपटाआधी प्रास्ताविक, कधी एखादा लघुपट आणि शेवटी दिग्दर्शकाशी प्रश्नोत्तरे धरली तर सव्वादोन तास सहज जातात. म्हणून दोन खेळांमध्ये 45 मिनिटे मोकळी ठेवा आणि त्यातली 20 लिहिण्यासाठी वापरा. मध्यरात्रीचा खेळ घेतला तर दुसऱ्या दिवशीचा सकाळचा पहिला खेळ सोडा.

निवड करताना ज्याला अजून वितरक मिळालेला नाही, तो चित्रपट आधी बघा. प्रदर्शनाची तारीख जाहीर झालेला चित्रपट नंतर कुठेही भेटेल. समीक्षकाचा खरा उपयोग पहिल्याला होतो, आणि अशा छोट्या चित्रपटाला मिळालेले एक चोख परीक्षण फार दूरवर जाते.

प्रश्न : अंधारात नोंदी कशा घ्यायच्या?

उत्तर : मोबाइल बंद, प्रकाशाचे पेनही नको. तळहाताएवढी वही घ्या, पानाच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरांत लिहा आणि डाव्या हाताचा अंगठा ओळीच्या कडेला ठेवून तो खाली सरकवत जा, म्हणजे ओळीवर ओळ चढत नाही. चित्रपटाचे नाव आणि तारीख दिवे जाण्यापूर्वीच टाका. कथानक लिहीत बसू नका, ते माहितीपत्रिकेत असते. नोंद अशी हवी : ‘जिना. आवाज आधी, माणूस नंतर. कॅमेरा हलत नाही.’ एवढ्यावरून प्रसंग पुन्हा उभा राहतो. ‘छान’, ‘भीतिदायक’ यांवरून काहीच उभे राहत नाही. नावांचे स्पेलिंग श्रेयनामावलीवरून टिपायच्या फंदात पडू नका, माहितीपत्रिकेवरून घ्या.

प्रश्न : प्रेक्षक शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतात. तिथे जबरदस्त वाटलेला चित्रपट घरी पुन्हा पाहिला की सामान्य वाटतो. परीक्षण कसे सांभाळावे?

उत्तर : या महोत्सवांचा हा सर्वांत अवघड भाग. पहिल्याच खेळाला चित्रपटाचा चमू आणि त्यांचे मित्र हजर असतात, रक्ताच्या प्रत्येक चिळकांडीला टाळी पडते, ध्वनियंत्रणा दणदणीत असते. महत्त्वाच्या चित्रपटाचा प्रेससाठी वेगळा खेळ किंवा दुसरा खेळ असेल तर तो निवडा.

नसेल तर लिहिताना मत बाजूला ठेवून आधी बांधणी लिहा. धक्का नेमका कशाने बसला : संकलनाने, की अचानक वाढवलेल्या आवाजाने? त्याआधी शांतता किती वेळ धरली होती? धक्का ओसरल्यावर पात्राचे काही बदलले का? उत्तरे नुसत्या आवाजापाशी थांबत असतील तर टाळ्या दिग्दर्शकाच्या नव्हेत. सभागृह कुठे गप्प झाले तेही टिपा. या प्रकारात आरोळीपेक्षा शांतता जास्त सांगते.

उलट, विनोदी भयपट गर्दीसाठीच रचलेले असतात. हशासाठी सोडलेली जागा ही दिग्दर्शकाची निवड आहे. तिथे प्रेक्षकांची प्रतिक्रिया अवश्य लिहा, पण तो महोत्सवातला खेळ होता हेही सांगा. चित्रपटात दहा मिनिटे डुलकी लागली असेल तर परीक्षण लिहू नका. प्रेस विभागाकडे ऑनलाइन दुवा मागा. तो थोड्याच काळासाठी चालतो आणि त्यावर बहुधा तुमचे नाव उमटलेले असते, म्हणून कुणालाही देऊ नये.

प्रश्न : एम्बार्गो म्हणजे नेमके काय पाळायचे?

उत्तर : ठरलेल्या वेळेआधी परीक्षण प्रसिद्ध करायचे नाही. समाजमाध्यमांवरची दोन ओळींची प्रतिक्रिया चालते का, हे वेगळे विचारा, कारण नियम चित्रपटागणिक बदलतो. घोळ होतो तो घड्याळाचा. माँट्रियलमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे 9 वाजतात तेव्हा यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) दुसऱ्या दिवसाची पहाटेची 1 ची वेळ असते. लेख आपोआप प्रसिद्ध होण्यासाठी लावताना तारीखही तपासा.