१८ वर्षं कोणत्या तारखेला मोजायची?

प्रश्न : माझा नवरा अमेरिकेच्या आर्मीत मेजर आहे. कॉलेजात आरओटीसी, म्हणजे अधिकारी होण्याचं प्रशिक्षण, करून २००९ साली तो अधिकारी झाला. लेफ्टनंट कर्नलच्या बढतीच्या यादीत गेल्या वर्षी त्याचं नाव आलं नाही, या वर्षीही नाही. आता वरिष्ठांनी बोलावून सांगितलंय की दोनदा नाव न आल्यामुळे त्याची सेवा संपवली जाईल. वीस वर्षांच्या पेन्शनीला तीन वर्षंसुद्धा उरलेली नाहीत. थोरली मुलगी आठवीत आहे, धाकटा चौथीत. सांगलीहून सासूबाई रोज विचारतात, "त्याने काही केलं का गं? सरकारी नोकरीतून असं कुणाला काढतात का?" तो घरात फारसं बोलत नाही. एक मित्र म्हणतो, १८ वर्षं झाली की हात लावता येत नाही. दुसरा म्हणतो, ते फक्त सार्जंट लोकांसाठी असतं. त्याची सतरा वर्षं आणि वर काही महिने झालेत. कॉलेजच्या आधी तो थोडे दिवस नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे राज्याच्या अर्धवेळ सैन्यात, शिपाई होता, पण ते आता कोण धरणार? आम्ही नेमकं काय करावं?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : ताई, सासूबाईंना आधी स्पष्ट सांगा की त्यांच्या मुलाने काहीही वावगं केलेलं नाही. गैरवर्तनावरून काढायचं असेल तर त्याची प्रक्रियाच निराळी असते. आरोप लेखी द्यावे लागतात, त्याला उत्तर द्यायची संधी मिळते. इथे तसलं काही नाही. १९८० च्या एका कायद्याने अमेरिकी सैन्यात अधिकाऱ्यांसाठी 'वर चढा नाहीतर बाहेर पडा' अशी रीत पक्की केली. वरच्या हुद्द्याच्या जागा मोजक्या असतात, म्हणून चांगले रिपोर्ट असलेले मेजरही गळतात. मी एका लष्करी तळावरच्या निवृत्ती सेवा कार्यालयात बरीच वर्षं काम केलं. दोन-दोन युद्धांत जाऊन आलेली माणसं हाच कागद हातात घेऊन समोर बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या घरच्यांच्या मनातही पहिली शंका हीच असायची.

आता १८ वर्षांचं. तुमचा दुसरा मित्र चुकतोय. सार्जंट आणि शिपायांसाठी वेगळं कलम आहे, अधिकाऱ्यांसाठी वेगळं, पण संरक्षण दोघांनाही आहे. दोनदा नाव न आलेल्या मेजरला यादी मंजूर झाल्याच्या महिन्यानंतरच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपर्यंत सेवेतून मोकळं करायचं, असं कायदा म्हणतो. म्हणजे यादी मार्चमध्ये मंजूर झाली असेल तर उशिरात उशिरा १ ऑक्टोबर. पण त्या तारखेला त्याला पेन्शन मिळायला दोन वर्षं किंवा त्याहून कमी उरली असतील, म्हणजे १८ भरली असतील, तर त्याला काढता येत नाही. वीस वर्षं पुरी होईपर्यंत ठेवावं लागतं आणि मग पेन्शनीवर पाठवावं लागतं. यादी लागली तेव्हा सतरा होती की साडेसतरा, याला इथे महत्त्व नाही. सेवा संपायच्या दिवशी किती भरतात, ते पाहायचं.

म्हणून आधी दोन तारखा लेखी मागवा : यादी मंजूर झाल्याची आणि सेवा संपण्याची. या दोन्ही हातात येईपर्यंत त्याने कसल्याही अर्जावर सही करू नये. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण कायदा अधिकाऱ्याला त्या सातव्या महिन्याआधीची तारीख मागण्याचीही मुभा देतो. माणूस दुखावलेला असतो, बाहेर एखादी नोकरी चालून येते, आणि तो म्हणतो, होऊन जाऊ दे एकदाचं, मला लवकर सोडा. त्या एका अर्जाने १८ वर्षांचा आधार हातचा जाऊ शकतो. कंपनीला थांबायला सांगा, थांबत नसेल तर दुसरी बघा.

आता तुमच्या पत्रातलं जे वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, त्याकडे वळते. गार्डमधले "थोडे दिवस" धरले जातात. सगळे नाहीत, महिन्यातून एका शनिवार-रविवारची ड्रिल या हिशेबात येत नाही. पण भरती झाल्यावर बेसिक ट्रेनिंगला गेला असेल, त्यानंतर कामाचं प्रशिक्षण घेतलं असेल, तर ते दिवस सक्रिय सेवेचे असतात आणि वीस वर्षांत मिळवले जातात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला हे तीन-चार महिने म्हणजे सगळं काही. त्याच्या नोंदीत दोन तारखा सापडतील. एक पगाराची, पे एंट्री डेट. तिच्यात गार्डचा सगळाच काळ धरलेला असतो आणि लोक तिच्याकडे बघून निर्धास्त होतात. दुसरी बेसिक ॲक्टिव्ह सर्व्हिस डेट. आपल्याला लागते ती ही दुसरी. प्रशिक्षणाचे दिवस तिच्यात धरले नसतील तर तारीख दुरुस्त करून घ्यावी लागेल, आणि त्यासाठी पुरावा लागेल : त्या प्रशिक्षणाचा डीडी-२१४ (सक्रिय सेवेचा दाखला), जुन्या ऑर्डरी, गार्डमधून बाहेर पडतानाचा दाखला एनजीबी-२२. माळ्यावरची खोकी काढा, त्याच्या आईवडिलांच्या घरी काही राहिलंय का विचारा. ही दुरुस्ती सेवेत असतानाच व्हायला हवी.

दिवस खरोखरच कमी पडले तरी सगळं संपत नाही. लष्कराला त्याला मेजर म्हणूनच पुढे ठेवता येतं. याला कंटिन्युएशन म्हणतात. संरक्षण खात्याची नियमावली सांगते की पेन्शनीला सहा वर्षांच्या आत आलेल्या मेजरला सर्वसाधारणपणे असं ठेवावंच. २०११ साली हवाई दलाने हे बाजूला सारून १५७ मेजरना घरी पाठवलं. इतकी वर्षं घेऊन माणसाला उंबरठ्यावरून परत फिरवायचं, हे मला तेव्हाही अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. त्यांच्यातला एक मेजर कोर्टात गेला आणि २०२० मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने हवाई दलाने स्वतःच्याच खात्याचा नियम डावलल्याचं म्हटलं. नऊ वर्षं गेली त्यात. तेव्हा आपल्या बाबतीत कंटिन्युएशनचा विचार झाला का, कोणत्या बोर्डाने केला आणि काय ठरवलं, हे आत्ताच लेखी विचारा. देऊ केलं तर मानापमान न धरता घ्या. बढतीच्या बोर्डापुढे गेलेल्या फाइलमध्ये एखादा रिपोर्ट चुकीचा किंवा गहाळ असेल तर बढतीचा फेरविचार करणारं विशेष निवड बोर्ड मागता येतं. तळावरच्या लष्करी वकिलाला ती फाइल दाखवा, त्याची फी पडत नाही. पंधरा वर्षांनंतर कमी पेन्शनीवर लवकर निवृत्त करण्याची टेरा नावाची योजनाही १९९० च्या दशकात आणि पुन्हा २०१२ नंतर वापरली गेली. ती त्या-त्या दलाने उघडली तरच मिळते, पण विचारायला हवं.

पैशाचं थोडक्यात. सक्तीने काढलेल्याला एकरकमी सेपरेशन पे मिळतो : महिन्याचा मूळ पगार गुणिले १२, त्याचे १० टक्के, गुणिले सेवेची वर्षं. हिशेबापुरता मूळ पगार ९,००० डॉलर धरला तर सतरा वर्षांचे १,८३,६०० होतात. आकडा मोठा दिसतो. पण जुन्या पद्धतीत वीस वर्षांना साधारण निम्मा पगार, म्हणजे महिना ४,५०० मिळाला असता, तोही जन्मभर. ही रक्कम त्याच्या साडेतीन वर्षांएवढीसुद्धा नाही. शिवाय पुढे पेन्शन किंवा व्हेटरन्स (माजी सैनिकांच्या) खात्याचा अपंगत्व भत्ता सुरू झाला की ती त्यातून वळती करून घेतात. म्हणून या पैशातून घर घेऊ नका. २०१८ साली त्याने नवी, मिश्र पेन्शन पद्धत निवडली होती का, तेही बघा. निवडली असेल तर टीएसपी या निवृत्तीच्या बचत खात्यात सरकारने भरलेला वाटा त्याचाच राहतो. मुलांसाठी जीआय बिलाची शिक्षणाची मदत त्यांच्या नावावर करायची राहिली असेल तर ती सेवेत असेपर्यंतच करता येते. घरच्यांचा वैद्यकीय विमा सक्तीच्या सेवासमाप्तीनंतर १८० दिवस चालतो.

सेपरेशन पे घेताना रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव दलात, किमान तीन वर्षं राहण्याचा करार करावाच लागतो. मग नुसतं नाव ठेवण्यापेक्षा त्याने गार्डच्या किंवा रिझर्व्हच्या युनिटमध्ये जागा धरावी. सक्रिय सेवेची सतरा वर्षं तिथे पूर्ण धरतात. आणखी तीन वर्षं, दर वर्षी हजेरी-प्रशिक्षणाचे किमान ५० पॉइंट, इतकं जमलं की वयाच्या साठाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. बाहेर पडण्याच्या आधीच तिथल्या भरती अधिकाऱ्याला भेटावं, म्हणजे मध्ये खंड पडत नाही.

राहिली त्याची तब्येत. मेजर हुद्द्यापर्यंत पोचलेले लोक दुखणी लपवण्यात पटाईत असतात : गुडघे, पाठ, कान, झोप. ज्या दुखण्यामुळे सेवा करता येत नाही असं मेडिकल बोर्ड ठरवतं, त्याचं प्रमाण ३० टक्के किंवा अधिक धरलं गेलं, तर वीस वर्षं न भरताही वैद्यकीय निवृत्ती मिळते, घरच्यांच्या विम्यासकट. खोटं काही सांगायचं नाही. सतरा वर्षं जे सांगितलं नाही ते सांगायचं. आणि तो बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मी हलकं घेत नाही. तळावरच्या चॅप्लेनशी, म्हणजे लष्करी धर्मगुरूशी, बोललेलं वरिष्ठांपर्यंत जात नाही. रात्री-अपरात्री भीती वाटली तर ९८८ लावून १ दाबा. ती लाइन सैनिकांसाठी आणि तुमच्यासारख्या घरच्यांसाठीही आहे. डॉक्टरची अपॉइंटमेंट या आठवड्यातच घ्या. सेवा संपल्यावर व्हेटरन्स खात्याकडे जाता येतं, पण मेडिकल बोर्डाकडे जायचं तर ते वर्दी अंगावर असतानाच.