स्वेटर वाटपाचा फोटो काढायच्या आधी हे वाचा ताई

सलाम ताई. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि झोपच उडाली, म्हणून आज उपासनेहून आल्याआल्या कुकर लावला आणि लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की मिशनच्या शाळेत केजीचा वर्ग नुकताच हातात आलाय, २८ लेकरं, ख्रिस्ती त्यात चार-पाचच, आणि वरून सांगणं आलंय की नाताळच्या महिन्यात लेकरांकडून 'सेवा प्रकल्प' करून घ्या, कृतीतून शिक्षण दिसलं पाहिजे, गरजूंना वाटप करा, फोटोसहित अहवाल द्या. आणि विचारलंय काय, तर वाटपाला स्वेटर बरं की खाऊ.

दोन्ही नको. माझं मत आहे हं, मी कुणी तज्ज्ञ नाही, एकोणीस वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बालवाडीत काढलीत एवढंच. तुमच्या शाळेचं वेगळं असेल, मॅनेजमेंटशी भांडायला मी सांगत नाहीये. पण तुमची पोस्ट म्हणजे शब्दनशब्द माझा २०१५चा डिसेंबर आहे, म्हणून राहवलं नाही.

मणी ओवणं, ठसे, वाळूत बोटानं गिरवणं हे तुम्हाला येतच असणार, त्यात वेळ घालवत नाही. काय झालं ते सांगते.

ते साल दुष्काळाचं. पुढे एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तोच दुष्काळ. आमच्या पट्ट्यातून दिवाळी झाली की माणसं ऊसतोडीला जातात, लेकरं एकतर आईबापासंगं फडावर नाहीतर आजीजवळ. माझ्या वर्गात असंच एक लेकरू होतं, आपण सोन्या म्हणू. आधीचा सीझन आईबापाबरोबर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, काढून आलेला, ह्या वर्षी शाळेसाठी आजीपाशी ठेवलेला. पाच वर्षांचं पोरगं पण गाठ मारण्यात असला हुशार की काय सांगू. उसाची मोळी बांधताना वाढ्याला (उसाच्या शेंड्याच्या पाल्याला) पीळ कसा देतात ते बघून बघून हाताला सवय लागलेली. माझ्या वर्गात सगळ्यांच्या बुटाच्या नाड्या सोन्या बांधायचा. लेकरं माझ्याकडे यायचीच नाहीत, सरळ त्याच्यापुढे पाय करायची. तो खाली बसून जीभ बाहेर काढून बांधायचा आणि शेवटी बुटावर एक चापट मारायचा, झालं म्हणून. बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (वाटेत जखमी पडलेल्याला एक परका माणूस गाढवावर घालून नेतो ती) आम्ही नाटकासारखी करायचो, त्यात गाढव कोण होणार म्हटलं की हाच हात वर करायचा, आणि जखमी माणसाला पाठीवर घेऊन दोनदा लोळवायचा.

तर ह्या अशा वर्गात मी 'प्रेमाची पेटी' ठेवली. घरचे जुने स्वेटर आणा म्हणून चिठ्ठ्या दिल्या. आले पण भरपूर. वाटप कुणाला करायचं, तर ऊसतोडीवाल्यांच्या मागं राहिलेल्या लेकरांना. यादी मीच केली. आणि त्या यादीत सोन्याचं नाव आहे हे मला दिसत होतं, तरी मला वाटलं चांगलंच आहे की, लेकराला थंडी वाजतेय. म्हणजे ज्या वर्गानं द्यायचं त्याच वर्गातलं एक लेकरू मी घेणाऱ्यांच्या रांगेत उभं केलं. आजपर्यंत स्वतःला विचारते, एवढं साधं कळलं कसं नाही.

वाटप झालं, फोटो पाठवले. दोन दिवसांनी एका कार्यालयातून फोन (नाव घेत नाही, आपल्यातलेच लोक आहेत). मॅडम, फोटोत देणारे दिसतात, घेणारे पाठमोरे आहेत, घेणाऱ्याचा चेहरा आला पाहिजे, नाहीतर अहवाल पुढे जात नाही. मी म्हटलं वाटप होऊन गेलं आता. तर म्हणाले परत करा ना, काय लागतं त्याला. तीन फोन आले ताई, तीन! आमच्या मोडक्या घसरगुंडीचं पत्र ह्याच लोकांकडे दीड वर्ष पडून होतं, तेव्हा एकदा फोन नाही केला. जाऊ द्या, त्यावर लिहायला बसले तर कुकर करपेल.

मग मी काय केलं, तर सोन्याला पुढं बोलावलं, त्याच्या अंगातलं स्वेटर काढायला लावलं, त्याची घडी घातली, ज्या लेकराच्या घरून ते आलं होतं त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, दे आता त्याला पुन्हा एकदा. सोन्यानं बिचाऱ्यानं काही न विचारता दोन्ही हात वर केले स्वेटर काढायला, तेवढं डोळ्यापुढून जात नाही. लाल होतं, पुढं बदक विणलेलं. पहिल्या फोटोत त्याचे डोळे मिटले म्हणून परत एकदा केलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या देणाऱ्या लेकराला आणि ह्याला एकच चेंडू पाहिजे होता, तर ते म्हणालं, "महं स्वेटर हाय ते. काढ." संपलं. त्या दिवसापासून सोन्यापुढे कुणी पाय केला नाही, आणि त्यानंही कुणाच्या नाडीला हात लावला नाही. चौथ्या दिवशी आजी आली. स्वेटर धुऊन, घडी घालून, पेपरात बांधून आणलेलं. माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, आमी मागितलं नव्हतं. लेकरू शिकाया घातलं व्हतं." आवाज चढवला नाही की काही नाही. आईबाप पाडव्याच्या सुमारास परत आले आणि जूनपासून तो दुसऱ्या शाळेत गेला. मी दोनदा घरी गेले, चहा दिला त्यांनी, पण लेकरू काही परत पाठवलं नाही. आणि तो फोटो? तो पुढच्या वर्षी त्या कार्यालयाच्या कॅलेंडरवर आला. जुलै महिन्यात. पावसाळ्यात स्वेटर घेणारं पोरगं.

म्हणून सांगते, वर्गात एक जरी लेकरू असं असेल (आपल्या भागात असतंच) तर वाटपाच्या भानगडीत पडू नका. ज्याला खरंच गरज आहे त्याच्या घरी मोठ्यांनी, संध्याकाळी, गुपचूप जावं. 'तुझा उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये' हे बायबलचं वचन आपण दर वर्षी लेकरांकडून पाठ करून घेतो आणि मग बॅनर लावून वाटप करतो, कमाल आहे.

मग मदत शिकवायची कशी, तर माझ्या मते ह्या वयाला 'गरजू' हा शब्दच सांगू नये. ज्याला लेकरू ओळखतं त्याचं खरं अडलेलं काम स्वतःच्या हातानं करून देणं, एवढीच मदत त्याला कळते. आम्ही नंतर जे करायला लागलो त्यात सगळ्यात जमलेलं म्हणजे सुईत दोरा ओवणं. हसू नका. आपल्याकडे म्हाताऱ्या बायका वाकळ (गोधडी) शिवतात, हात चालतात पण सुईचं नाक दिसत नाही. लेकरांची नजर चांगली. शुक्रवारी पाच-सहा आज्या वर्गात येऊन बसायच्या, कुणाचीही आजी, ख्रिस्ती हिंदू मुसलमान बौद्ध सगळ्या, आणि दोन-दोन लेकरं एकेका आजीला सुया ओवून द्यायची. दोऱ्याचं टोक थुंकी लावून पिळायचं, डावा हात मांडीवर टेकवायचा, श्वास धरायचा. जे पोरगं एका जागी दोन मिनिटं बसत नव्हतं ते दहा-दहा मिनिटं एका सुईपाशी बसलेलं मी पाहिलंय. आज्या त्यांना ठिगळ लावायला शिकवायच्या, एक आजी तर अख्ख्या वर्गाला ओव्या म्हणून दाखवायची. कोण कुणाला मदत करतंय हे कळायचंच नाही, आणि मला तेच पाहिजे होतं. सोन्याच्या आजीला निरोप पाठवला होता. ती आली नाही.

दुसरं, पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट, येशूनं तेवढ्यावर सगळ्या जमावाला जेवू घातलं ती. ती आम्ही अशी करायचो. प्रत्येकानं घरून मूठभर ज्वारीचं पीठ आणायचं, लेकराचीच मूठ, आणि आल्याआल्या एकाच परातीत टाकायचं. कुणाचं पांढरं, कुणाचं भरड, कुणी विसरलं, सगळं एकात एक. एकदा मिसळलं की कुणाचं किती ते देवालाच माहीत. मग लेकरांनी चानक्या, म्हणजे छोट्या भाकरी, थापायच्या. ज्वारीला गरम पाणी लागतं ते मावशींनी घालायचं, तवा लांब ठेवायचा. चानक्या वाकड्या होतात, चिरतात, होऊ द्या. अर्ध्या आपण खायच्या, अर्ध्या ज्यांच्यामुळे वर्ग चालतो त्यांना नेऊन द्यायच्या: मावशी, वॉचमन, समोरचे टेलर, टँकरवाले काका. गरीब म्हणून नाही, आपले म्हणून. हा फरक लेकरांना समजावायची गरज पडत नाही, तुम्ही कुणाकडे नेता त्यावरून त्यांना कळतं.

शोमरोन्याचं एक सांगते, मतभेद असू शकतात. एका शिबिरात कुणीतरी सांगितलेलं की लेकरांना कळावं म्हणून शोमरोनी म्हणजे 'खालच्या जातीचा' असं सांगा. अजिबात नको! आपल्या भागात केजीत ते बी पेरू नका. 'दुसऱ्या गावचा, ज्यांच्याशी ह्यांचं बोलणं नव्हतं' एवढं पुष्कळ आहे. आणि गोष्ट सांगून थांबू नका, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडून द्या आणि एकमेकांच्या कोपराला बांधू द्या. बांधताना "दुखतंय का?" विचारायचं, हा नियम. तो प्रश्न विचारायची सवय लागली तरी पुष्कळ झालं.

आणि तुमच्या वर्गात बहुतेक लेकरं ख्रिस्ती नाहीत म्हणून एक सावधगिरी, मी वकील नाही, पण संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय लेकराला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या आणि ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्यासाठी त्या वेळात दुसरं चांगलं काम ठेवा, कोपऱ्यात नुसतं बसवू नका. आमच्याकडे तशी लेकरं झाडांना पाणी घालायची आणि मग सगळ्यांनाच तिकडे जायचं असायचं, ते वेगळं.

पालक "लिहायला कधी शिकवणार" म्हणून डोकं खातील. खाऊ द्या. सुई ओवणारं बोट पेन्सिल धरतंच. २०२०च्या शैक्षणिक धोरणातसुद्धा ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, खेळातून आणि कृतीतून, तो कागद दाखवा, कागद दाखवला की आपले लोक गप्प होतात. आणि हे काही परदेशी खूळ नाही म्हणावं. पंडिता रमाबाई अमेरिकेत किंडरगार्टनची पद्धत शिकून आल्या आणि १८८९ला मुंबईत शारदा सदन काढलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी १९४५ला समुद्राकाठच्या बोर्डीत बालवाडी सुरू केली, महागड्या साधनांच्या ऐवजी शिंपले, बिया, पानं असलंच घेतलं. आपल्याकडे शिंपले नाहीत, पण तुरीच्या शेंगा आहेत, कापसाची बोंडं आहेत, करडई आहे. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या शेंगा सोलायला द्या, एका तासात निम्म्या वर्गाची बोटं दुखतात आणि डाळ कुठून येते तेही कळतं.

बारीकसारीक दोन-तीन गोष्टी. चिकटवायला खळ घरी करत असाल तर मोरचूद घालू नका, कीड लागू नये म्हणून घालायची पद्धत आहे पण ते विषारी असतं आणि लेकरं बोट चाटतात, त्यापेक्षा रोज ताजी करा. काळ्या मातीची खेळणी वाळली की तडकतात, थोडी राख मिसळा. पाण्याचा तुटवडा असेल तर ओतायचे खेळ ज्वारीवर घ्या, आम्ही दुष्काळात तेच केलं. आणि हरभऱ्यावर नजर ठेवा, एकानं नाकात घातला होता, तिथं तो ओला होऊन फुगतो, चिमट्यानं स्वतः काढायला जाऊ नका, सरळ डॉक्टर गाठा.

अहवालाचं म्हणाल तर तुमची अडचण कळते, नोकरी आहे, नाही म्हणता येत नाही. फोटो लागणारच असेल तर हातांचा काढा. पीठ मळणारे हात, सुई धरलेले हात. चेहरा पाहिजे म्हटलं तर पालकांची लेखी परवानगी नाही म्हणून सांगा, आणि ती परवानगी मागायला जाऊच नका.

बाकी सुया मोठ्या नाकाच्या घ्या, वाकळीच्या, आणि मोजून द्या, मोजून घ्या. आमची एक अजून सापडलेली नाही.