ट्रस्टच्या नावावरची जागा घ्यायची असेल तर नेमकं बोलायचं कोणाशी?

तुमचा प्रश्न असा की शेजारचं घर विकत घ्यायचंय, पण नोंदीत मालक म्हणून एका ट्रस्टचं नाव आहे. माणसाचा पत्ताच लागत नाही. मालकीहक्काचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खाजगी ट्रस्टच्या मालमत्तेचे कायदेशीर मालक विश्वस्त असतात, आणि ते ती लाभार्थ्यांसाठी सांभाळतात. त्यामुळे खरेदीखतावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हे आधी शोधायचं.

नुसत्या उताऱ्यावर थांबू नका. ही जागा ट्रस्टकडे ज्या दस्ताने आली त्याची नक्कल काढा आणि सह्यांच्या पानापर्यंत वाचा. देणाऱ्याच्या जागी जे नाव असतं ते बहुतेकदा ट्रस्ट करणाऱ्याचं, आणि कौटुंबिक ट्रस्टमध्ये पुष्कळदा तोच पहिला विश्वस्तही असतो. नंतर गहाणखत किंवा भाडेकरार झाला असेल तर तोही बघा. त्यावर 'विश्वस्त म्हणून' कोणाची तरी सही असणारच. मालमत्ता कराचं बिल कोणत्या पत्त्यावर जातं तेही पाहा. तिथे वकिलाचं ऑफिस निघालं तर उत्तमच, कारण ट्रस्टचे कागद बहुधा त्यांच्याकडेच असतात.

मिळालेलं नाव जुनं असू शकतं. विश्वस्त वारतात, राजीनामा देतात, नवे नेमले जातात. शिवाय एकाची सही पुरेल असंही नाही. भारतीय न्यास अधिनियम, 1882 प्रमाणे एकाहून अधिक विश्वस्त असतील तर न्यासपत्रात, म्हणजे ट्रस्टच्या मूळ दस्तात, वेगळी तरतूद नसल्यास सगळ्यांनी मिळून निर्णय घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बहुमत चालतं. इलिनॉयमध्ये तर 'लँड ट्रस्ट' नावाचा प्रकार आहे: नोंदीत नाव बँकेचं, पण बँक सही करते ती लाभार्थ्याने सांगितल्यावरच. अशा ठिकाणी बँकेशी घासाघीस करून काही निघत नाही. तुमचं पत्र लाभार्थ्याकडे पाठवा, एवढीच विनंती करायची. आणि ट्रस्ट धर्मादाय असेल तर विश्वस्तांच्या वरही कोणी असू शकतं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायला 1950 च्या कायद्याच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

आता संपर्क. फोनपेक्षा पत्र बरं, आणि ते प्रत्येक विश्वस्ताला स्वतंत्र पाठवा. विश्वस्ताला मनात आलं म्हणून जागा विकता येत नाही. किंमत रास्त होती हे उद्या लाभार्थ्यांना दाखवावं लागतं. तेव्हा त्याला फाइलला लावता येईल असं पत्र लिहा: मालमत्तेचा नोंदणी क्रमांक, तुम्ही कोण, पैशांची सोय काय, आणि स्वतंत्र मूल्यांकनाला तुमची तयारी आहे हे. शेवटी सरळ विचारा: 'या मालमत्तेबाबत निर्णय कोण घेतं, आणि माझं पत्र त्यांच्यापर्यंत पोचवाल का?' त्यांच्या घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडं थांबा. त्या दिवसांत जागेचा विषय काढणं बरं नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र कळकळीने सांगतो. लाभार्थ्यांपैकी कोणी पुतण्या-भाचा भेटतो, 'मी काकांशी बोलतो' म्हणतो आणि टोकन मागतो. देऊ नका. लाभ त्याला मिळत असेलही, पण विकण्याचा अधिकार त्याने येत नाही. न्यासपत्रातलं विक्रीच्या अधिकाराचं कलम, सध्याच्या विश्वस्तांच्या नेमणुकीचे कागद आणि एकाहून अधिक विश्वस्त असतील तर विक्रीचा ठराव, हे तुमच्या वकिलाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय बयाणा देऊ नका. अमेरिकेत पूर्ण न्यासपत्र सहसा दाखवत नाहीत, त्याऐवजी ट्रस्टचं प्रमाणपत्र देतात. त्यात विश्वस्तांची नावं, त्यांचे अधिकार आणि सही कोणाकोणाची लागेल हे लिहिलेलं असतं. तेच मागून घ्या.