मायलोमा असलेल्या पेशंटची बोन डेन्सिटी कमी आली म्हणजे आयुष्य कमी, असं असतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे, मल्टिपल मायलोमाचं (बोन मॅरोतल्या पेशींचा ब्लड कॅन्सर) निदान नुकतंच झालंय, डेक्सा स्कॅनमध्ये, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, टी-स्कोअर (घनतेचा आकडा, जितका उणे तितकी हाडं कमजोर) उणे २.८ आलाय आणि कोणीतरी नातेवाईक बोलून गेले की हाडं एवढी पोकळ झालीत म्हणजे आता फार दिवस नाहीत. आधी हे डोक्यातून काढून टाका. मायलोमाची स्टेज ठरते ती रक्तातलं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, एलडीएच आणि बोन मॅरोची फिश टेस्ट (कॅन्सरच्या पेशींच्या जनुकांतले बदल बघणारी) यांवरून, टी-स्कोअर त्यात कुठेच येत नाही.

मी डॉक्टर नाही, माझ्या सासऱ्यांना हाच आजार आहे आणि त्यांचं सगळं मीच बघते, त्यामुळे जे नीट समजून घेतलंय तेवढंच सांगते.

संबंध अजिबातच नाही असं पण नाही हां. ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये ज्यांची हाडं ठिसूळ किंवा ज्यांना फ्रॅक्चर झालंय त्यांचं आयुष्य सरासरीने कमी दिसतं, असं अभ्यासांत आलंय. पण ज्याचं वय जास्त, आजार पसरलेला, जेवण जात नाही, अंगावर मांस राहिलेलं नाही, त्याची हाडं पण कमजोरच असणार ना, म्हणजे तो आकडा बऱ्याचदा एकूण तब्येतच सांगत असतो. खरा धोका फ्रॅक्चरचा. मणका दबला किंवा खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो, मग छातीत कफ, न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी, केमो पुढे ढकलली जाते, आणि मायलोमात प्रतिकारशक्ती आधीच कमी असते.

आपलं हाड सतत थोडं खरवडलं जातं आणि परत भरलं जातं. मायलोमाच्या पेशी खरवडणाऱ्या पेशींना चेव आणतात आणि भरणाऱ्यांना दाबून टाकतात, वरून ट्रीटमेंटमधलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड, ते पण हाडं झिजवतं. म्हणून जागोजागी भोकं पडतात, आणि ही भोकं डेक्सात दिसत नाहीत! डेक्सा कंबर-खुब्याची सरासरी घनता सांगतं, उलट दबलेल्या मणक्याचा स्कोअर कधीकधी खोटाच चांगला येतो. त्यामुळे फुल बॉडी लो डोस सीटी किंवा पेट-सीटी झालंय का ते नक्की विचारा.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. हाडांचं इंजेक्शन, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड. ब्रिटनमध्ये मायलोमा-९ नावाची मोठी ट्रायल झाली, १९६० पेशंट होते, निकाल २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये आला. अर्ध्यांना हे इंजेक्शन आणि अर्ध्यांना क्लोड्रोनेट या हाडांच्याच दुसऱ्या औषधाच्या रोजच्या गोळ्या. इंजेक्शनवाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १६ टक्क्यांनी कमी, मधलं आयुर्मान (म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) ४४.५ ऐवजी ५० महिने. हे आकडे जुन्या औषधांच्या काळातले आहेत, आता ट्रीटमेंट खूप पुढे गेलीय, ते वडिलांना लावू नका. पण हाडं सांभाळणं हा साइडचा विषय नाही, ट्रीटमेंटचाच भाग आहे, एवढं त्यातून कळतं.

सासऱ्यांना हे इंजेक्शन डे केअरमध्ये सलाइनमधून देतात, पंधरा-वीस मिनिटांचं काम. पहिल्या वेळी संध्याकाळी अंग मोडून आलं, ताप भरला, पॅरासिटामॉलवर दुसऱ्या दिवशी उतरला, पुढच्या वेळी एवढं झालं नाही. किडनी जास्त बिघडलेली असेल तर हे देत नाहीत, तेव्हा डेनोसुमॅब या हाडांच्याच दुसऱ्या इंजेक्शनचा पर्याय असतो, फक्त ते मध्येच मनाने बंद करायचं नाही, हाडं झपाट्याने ढासळतात. आणि दोन्हीच्या आधी दात दाखवून घ्यायचे. काढायचा दात आधीच काढून, जखम भरल्यावर इंजेक्शन, कारण नंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून सडायची भीती असते.

कॅल्शियमच्या गोळ्या किंवा साठ हजारवालं व्हिटॅमिन डी मेडिकलमधून आणून आपल्या मनाने देऊ नका, मायलोमात रक्तातलं कॅल्शियम आधीच वाढलेलं असू शकतं. पाठ दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, ब्रुफेन नको, किडनीवर येतं. मालिश आणि हाडवैद्य तर अजिबात नको, कितीही गॅरंटी देऊ देत. पाण्याची बादली, गॅस सिलेंडर उचलू देऊ नका, खाली वाकायचं काम तुम्ही करा, बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा. पण म्हणून झोपवून पण ठेवू नका, डॉक्टरांना विचारून रोज थोडं चालू दे, पडून राहिलं की हाडं आणखी झिजतात.

पायातली ताकद अचानक गेली, मुंग्या आल्या, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली तर ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सीत न्या, मणक्यातली नस दबलेली असू शकते. बाकी पुढच्या व्हिजिटला क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि कॅल्शियमचे रिपोर्ट हातात ठेवून हाडांचं इंजेक्शन कधी सुरू करायचं ते स्पष्ट विचारा, आणि दातांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट त्याच्या आधीच घेऊन टाका.