पहिल्या क्रूझला निघण्यापूर्वी

साताऱ्याहून सहकुटुंब क्रूझला निघणाऱ्यांची सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे जहाज सुटण्याच्या दिवशीच पहाटे गाडी काढणे. मुंबई सुमारे २५० किलोमीटरवर असली, तरी खंबाटकीच्या किंवा बोरघाटात एखादा ट्रक बंद पडला की तासन्‌तास जातात, आणि बॅलार्ड पिअरवरील प्रवेश जहाज सुटण्याच्या बराच आधी बंद होतो. आमची पहिली सहल अशीच हुकता हुकता राहिली. म्हणून आदल्या दिवशीच मुंबईत मुक्कामाला जा, हे मी कळकळीने सांगतो.

मोठ्या बॅगा धक्क्यावरच जमा होतात आणि खोलीत पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे आजी-आजोबांची औषधे व मूळ ओळखपत्रे हातातल्या पिशवीतच ठेवा. सिंगापूरहून निघणार असाल, तर मुलांचे पासपोर्ट आजच तपासा: लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत ५ वर्षांचीच असते आणि तिथे प्रवेशाच्या वेळी किमान ६ महिने शिल्लक असावे लागतात.

तिकिटाच्या रकमेत सेवाशुल्क, शीतपेये आणि इंटरनेट बहुधा धरलेले नसते, हे बुकिंगपूर्वीच विचारून घ्या. किनारा दूर गेल्यावर मोबाईल जहाजावरील महागडे नेटवर्क पकडतो. म्हणून धक्का सोडतानाच सर्वांचे फोन विमान मोडवर टाका.