चटणीच्या जीआयसाठी लेकीला वकील करायची गरज नाही

नमस्कार दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. घरचा कांदा-लसूण चटणीचा धंदा आईपासूनचा, आज पुण्या-मुंबईतलं कुणीही पाकिटावर 'कोल्हापुरी' छापून विकतं, म्हणून मुलीनं बारावीनंतर पाच वर्षांचं लॉ करावं आणि आपल्या चटणीचं 'जीआय पेटंट' (जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन) काढावं, असं घरात ठरलंय. बारावी सायन्सला ८१ टक्के, आणि अगदी शेवटी, "तिला फूड टेक्नॉलॉजी करायचंय पण ते नंतर बघू." दोन पानांच्या पत्रात पोरीच्या वाट्याला एवढी एकच ओळ, बाकी सगळी चटणी! खरं सांगू का, मला मार्कांची काळजी अजिबात वाटली नाही, ह्या एका ओळीची वाटली. "घरात ठरलंय" म्हणजे कुणी ठरवलं? ठरवताना ती तिथं होती का, की आत चहा करत होती? तुम्ही लिहिलंय "ती काही बोलत नाही, म्हणजे तयार आहे." अहो, अठराव्या वर्षी बापासमोर गप्प बसणाऱ्या पोरी मी खूप बघितल्यात, त्यातल्या तयार फार थोड्या असतात. बऱ्याच दुसऱ्या वर्षाला एटीकेटी घेऊन माझ्यासमोर येऊन बसतात.

आता ते जीआय पेटंट. असं काही नसतंच. पेटंट नव्या शोधाला मिळतं, आणि आईची चटणी नवी नाही म्हणूनच तर ती चांगली आहे ना. जीआय वेगळं, त्याचा १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे, रजिस्ट्री चेन्नईला आहे, आणि मुख्य म्हणजे ते एका घराला मिळत नाही. उत्पादकांची संघटना किंवा त्यांच्या वतीनं एखादी सरकारी संस्था अर्ज करते, आणि मिळालं की त्या भागातला नियमानं माल करणारा प्रत्येक जण अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवू शकतो. म्हणजे तुमच्या लेकीनं पाच वर्षं घासून जीआय आणलं तरी गल्लीच्या टोकाला बसणारा तुमचा स्पर्धक तेच नाव हक्कानं लावणार! शिवाय जीआय मिळालं म्हणजे बाकीच्यांनी तो पदार्थ करायचा बंद, असंही नाही. रसगुल्ल्यावरून बंगाल-ओडिशा एवढे भांडले, शेवटी २०१७ ला 'बांगलार रसोगोल्ला' आणि २०१९ ला 'ओडिशा रसगोला', दोघांनाही मिळालं. पहिला कुणी केला याचा निकाल रजिस्ट्री देत नाही, जागेशी जोडलेलं नाव तेवढं राखते. आणि तेही मिळाल्यावर आपोआप राखलं जात नाही, हापूसला २०१८ ला जीआय मिळालं तरी कर्नाटकातला आंबा देवगड म्हणून पेटीत येतोच की.

तुमची केस तर अजून अवघड. चटणीतली ब्याडगी मिरची कर्नाटकातली, तिला स्वतःचं जीआय आहे, संकेश्वरी मिरचीचं गावही सीमेपलीकडं. त्यानं अडत नाही म्हणा, तयार मालाला प्रक्रिया त्या भागात झाली तरी चालतं, डंक, म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र, कोल्हापुरात असला की झालं. अडतंय ते नावात. कायद्यात सर्वसामान्य झालेलं नाव नोंदवता येत नाही, आणि 'कोल्हापुरी' म्हणजे आता तिखट एवढाच अर्थ हॉटेलवाल्यांनी करून ठेवलाय. व्हेज कोल्हापुरी बघा, कोल्हापुरातल्या कुठल्या घरात करतात हो ती? म्हणजे आपली चटणी त्या तिखटापेक्षा वेगळी कशी, इथलीच का, हे आधी दाखवावं लागणार. कांदा किती भाजायचा, खोबरं किती, चटणी वर्षभर कशी टिकते, हे सगळं मोजून कागदावर आणावं लागेल. हे काम वकिलाचं कमी आणि फूड टेक्नॉलॉजिस्टचं जास्त. दादा, तुमची पोरगी जे मागतेय तेच!

त्यामुळे लॉ सीईटी, क्लॅट वगैरेचा विषय इथंच सोडतो. फूड टेक्नॉलॉजीला एमएचटी-सीईटी, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज बघा, मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे आयसीटी, बघा, आणि पुढं तिलाच वाटलं तर एमएस्सीला म्हैसूरची सीएफटीआरआय ही केंद्राची अन्न संशोधन संस्था आहे. आणखी एक, पेटंट एजंटच्या, म्हणजे लोकांचे पेटंटचे अर्ज करून देणाऱ्याच्या, परीक्षेला लॉची नाही, सायन्स किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री लागते. म्हणजे उद्या तिला या कायद्याच्या बाजूला यावंसं वाटलंच तर दार उघडंच आहे, पदवीनंतर तीन वर्षांचं एलएलबीही करता येतं. पण ते तिला वाटलं तर, हां. हे वाचून लगेच नवा प्लॅन आखू नका.

तुम्ही करायचं काम वेगळंच आहे. पाकिटावर आईचं नाव आणि चित्र आहे म्हणालात, त्याचा ट्रेडमार्क केलाय का? पत्रात कुठं दिसला नाही. तुमच्या एकट्याच्या मालकीचं होऊ शकतं ते हेच, 'कोल्हापुरी' नव्हे. जीआय हवंच असेल तर चटणीवाल्या बायका आणि डंकवाले गोळा करून संघटना उभी करा, त्यात गल्लीच्या टोकाचा तो स्पर्धकही घ्यावा लागेल, जमतंय का बघा. आणि त्या अर्जाला वकील लागला तर फी देऊन लावा, आधीच शिकून तयार झालेले कोल्हापुरात चिक्कार आहेत.